सगळी खाती एकाच डोक्यात! छोट्या धंद्याचा कारभार कसा वाटता?

खोकेवाला | रविवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

पुठ्ठ्याचे खोके बनवतो. सहा वर्षं झाली, माझ्याखेरीज सात माणसं आहेत. मूळचा मी मशिनवरचा. पंचिंगचा (साच्याने शीट कापण्याचा) आवाज जरा बदलला तरी ऑफिसात बसून कळतं. काम येतंय, माल चांगला जातोय, कोणी नावं ठेवत नाही. तरी गेलं वर्षभर मी नुसता धावतोय.

मागच्याच महिन्यातली गोष्ट. एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. मी मशिनपाशी होतो, म्हटलं "गुरुवारी देतो". वहीत त्या मापाच्या ४०० शीट शिल्लक. बुधवारी काढायला गेलो तर ९०. पुरवठादाराला फोन लावला, तो म्हणाला आधीचं बिल द्या. ते का राहिलं होतं? खात्यात पैसे नव्हते. पैसे का नव्हते? कारण एका मोठ्या ऑर्डरचं बिल बनवायलाच मला १९ दिवस उशीर झाला होता. माल केव्हाच पोचला होता! विक्री मी, खरेदी मी, बिलं मी. ओरडायचं कोणावर?

वर्षअखेरच्या हिशेबात नफा दिसतो. तो राहायला कुठे असतो ते मात्र माहीत नाही.

सगळे सांगतात, कामं वाटून दे. कबूल. पण आधी कुठलं? विक्री, खरेदी, उत्पादन, हिशेब, माणसं... यातलं पहिलं काय हातावेगळं करू? एकच माणूस वाढवायची ऐपत आहे, दोन नाही.

---

जुना_गडी | रविवार, रात्री ११.४२

भाऊ, धंद्यातल्या शंभर दुखण्यांवर औषध एकच, विक्री. दर जरा पाडा. १० टक्के कमी करून बघा, ऑर्डरी कशा धावत येतात. गल्ला वाहता झाला की माणूसही ठेवता येतो आणि पुरवठादारही गप्प बसतो. आम्ही असेच वर आलो. हिशेब-बिशेब नंतर.

---

हिशेबी_मांजर | सोमवार, सकाळी ७.०५

जुना_गडी काका, आदर राखून जोरदार असहमत.

खोकेवाला, चार-पाच प्रश्न. अंदाजे उत्तरं चालतील, पण मनाला बरी वाटणारी नकोत.

एका खोक्यावर किती सुटतात? कच्चा माल आल्यापासून तयार माल बाहेर पडेपर्यंत सरासरी किती दिवस जातात? माल गेल्यापासून बिल निघेपर्यंत किती? बिल निघाल्यापासून पैसे येईपर्यंत किती? आणि पुरवठादार तुम्हाला किती दिवसांची उधारी देतो?

---

खोकेवाला | सोमवार, दुपारी २.३०

ताई, जेवणाच्या सुट्टीत बसून काढलं. २५ टक्के सुटतात. माल साधारण ३८ दिवस माझ्याकडे असतो (बराच काळ शीट नुसत्या पडून असतात). बिल निघायला सरासरी ११ दिवस, हे लिहितानाही लाज वाटली. त्यानंतर पैसे यायला ६४. पुरवठादाराची उधारी ३० दिवसांची.

---

हिशेबी_मांजर | सोमवार, रात्री ९.१५

लाज वाटली हे चांगलं लक्षण. आता एकेक बघू.

२५ टक्के म्हणजे कशाचे? ८० चा खर्च धरून त्यावर २५ टक्के चढवता आणि १०० ला विकता, असंच ना? मग विक्रीच्या १०० मधले तुमचे २०. हे २० टक्के झाले. चढवलेले टक्के आणि सुटलेले टक्के यांची गल्लत फार जणांकडून होते आणि पुढची सगळी गणितं त्यावरच फसतात.

आता काकांचा सल्ला लावा. दर १० टक्के पाडला, १०० चे ९० झाले. खर्च ८० च. उरले १०. म्हणजे आधी जितकी रक्कम हातात राहायची, तितकीच राहायला ऑर्डरी थेट दुप्पट करायला हव्यात. त्याच मशिनवर, त्याच सात माणसांत. उलट दर ५ टक्क्यांनी वाढवला तर २५ सुटतील आणि पाचातली एक ऑर्डर गेली तरी एकूण रक्कम तीच राहील. वाढवाच असं म्हणत नाही, पण दोन्हीकडचा हिशेब समोर असू द्या.

आणि नफा राहतो कुठे, ते ऐका. ३८ अधिक ११ अधिक ६४, त्यातून पुरवठादाराचे ३० वजा. उरतात ८३ दिवस. तुम्ही घातलेला पैसा ८३ दिवसांनी घरी परततो. रोजचा खर्च १०० धरला तर ८३०० कायम रस्त्यावर. धंदा दीडपट झाला की १२,४५० लागतील. वरचे ४१५० कुठून आणणार? म्हणूनच भरभराटीच्या काळात चांगले चाललेले धंदे पैशावाचून गुदमरतात. कागदावर नफा असताना.

यातले ११ दिवस तर फुकटचे आहेत. ते गिऱ्हाईक खात नाही, पुरवठादार खात नाही, तुमचं टेबल खातं.

---

जुना_गडी | सोमवार, रात्री ९.५०

बरं बाई, दुप्पट म्हणजे फारच झालं. पण वसुली लवकर व्हावी म्हणून आम्ही २ टक्के सूट द्यायचो. ते तरी बरोबर की तेही चूक?

---

हिशेबी_मांजर | सोमवार, रात्री १०.०४

किती दिवस आधी पैसे मिळायचे त्यावर आहे काका. ३० ऐवजी १० व्या दिवशी मिळाले तर २० दिवसांसाठी तुम्ही ९८ वर २ मोजलेत. वर्षाच्या हिशेबाने ते ३७ टक्के व्याज पडतं. कर्ज त्याहून स्वस्त मिळत असेल तर कर्ज बरं. हेच उलट्या बाजूने, पुरवठादार तुम्हाला अशी सूट देत असेल तर मात्र सोडू नका.

---

गोदामातला_उंदीर | मंगळवार, सकाळी १०.२०

मांजर बोलून गेलीय, आता उंदराला बोलू द्या.

४०० चे ९० एका दिवसात होत नाहीत. खराब निघालेल्या शीट बाजूला टाकल्या, नोंद नाही. एका मापाच्या संपल्या म्हणून मोठ्या मापाच्या कापून वापरल्या, नोंद नाही. डाय (कापायचा साचा) बसवताना चाचणीला दहा-वीस गेल्या, त्यांची तर कोणी मोजदादही करत नाही. वहीत फक्त आवक आणि ऑर्डरीप्रमाणे जावक. मधली गळती वहीला कळणार कशी?

सगळा माल रोज मोजायच्या फंदात पडू नका, आठवड्यात कंटाळाल. वर्षभरात ज्यावर जास्त पैसा जातो त्या क्रमाने माल उतरत्या यादीत लावा. वरचा साधारण पाचवा हिस्सा एकूण रकमेचा खूप मोठा भाग खातो असं दिसेल. तुमच्याकडे ती आठ-दहा मापं असतील. ती दर आठवड्याला मोजायची, ठरलेल्या वारी, मशिन सुरू व्हायच्या आत. मधल्यांची महिन्यातून एकदा. खळ, पट्ट्या, पिना असल्या किरकोळ गोष्टींना दोन डबे. पहिला संपला की मागवायचा आणि दुसरा वापरायला घ्यायचा. त्यात लिहायचं काहीच नाही.

आणि मोठ्या मापांना मागणीची रेघ ठरवा. रोज ६० शीट लागतात, पुरवठादाराला यायला ९ दिवस, म्हणजे ५४०. वर अडीअडचणीला १५० धरा. ६९० वर आलं की मागवायचं. ९ दिवस हे तो सांगतो ते नकोत हं, मागच्या दहा वेळांना खरोखर लागले ते घ्या. भिंतीवर त्या उंचीला लाल पट्टी चिकटवा. गठ्ठा पट्टीखाली गेला की ते अंगठेबहाद्दरालाही दिसतं.

---

रेघोट्या | मंगळवार, दुपारी १२.४५

मी संकल्पचित्रं करून देते. गोदाम नाही, शीट नाही, तरी दुखणं तेच. माझा साठा म्हणजे तास. "जरा एवढं बदलून द्या ना" यात किती गेले ते आठ महिने लिहून ठेवलं, तर दर पाच तासांतला एक बिलात चढलेलाच नव्हता. तेव्हापासून दोन फेरबदल दरात, तिसऱ्यापासून वेगळे पैसे, हे आधीच लेखी. दोन गिऱ्हाइकं रुसली. एक परत आलं.

---

इतिहासाची_खाज | मंगळवार, रात्री ८.३०

थोडं अवांतर, पण विषयालाच धरून आहे.

"धंद्याची मुख्य कामं कोणती" हा प्रश्न पद्धतशीर मांडणाऱ्यांत फ्रान्समधला खाणअभियंता आंरी फायोल अगदी आरंभीचा. १८८८ मध्ये त्याच्याकडे जी खाण आणि पोलाद कंपनी आली ती बुडायच्या बेतात होती, त्याने ती सावरली. मग १९१६ मध्ये त्याने अनुभव लिहून काढला आणि कामांचे सहा गट पाडले: तांत्रिक, व्यापारी म्हणजे खरेदी-विक्री, पैसा उभारणं, मालमत्तेची आणि माणसांची सुरक्षितता, हिशेब, आणि सहावं व्यवस्थापन.

मला त्यातला एक मुद्दा कायम पटत आलाय. तो म्हणतो, हे सहाही गट धंदा केवढाही असो, असतातच. बदलतं ते वजन. लहान कारखानदाराला सर्वांत जास्त लागतं तांत्रिक कौशल्य. व्याप वाढत जातो तसं व्यवस्थापनाचं पारडं जड होतं. खोकेवाल्यांच्या पहिल्याच पोस्टमध्ये पंचिंगचा आवाज आहे. ज्या गुणावर धंदा उभा राहिला, त्याच गुणापाशी ते अजून उभे आहेत. टोमणा नाही हा. आपल्यातल्या बहुतेकांचं तेच असतं.

---

नट_बोल्ट | मंगळवार, रात्री १०.१५

खाज यांच्याशी अर्धा सहमत. गट पाडणं वाचायला सोयीचं, पण खोकेवाल्यांची कथा पुन्हा वाचा. विक्री चुकली का? नाही, ऑर्डर मिळाली. उत्पादन चुकलं? नाही. खरेदी करणाऱ्याला मागवता येत नाही का? येतं. प्रत्येक खातं आपापल्या जागी ठीक आहे. फाटलंय ते शिवणीत, एका कामाचा कागद दुसऱ्या कामाकडे जातो तिथे. फोन झाला तो मशिनपर्यंत पोचला नाही. माल गेला ते बिलापर्यंत पोचलं नाही. शीट खराब झाल्या ते वहीपर्यंत पोचलं नाही. आतापर्यंत या शिवणी तुमच्या डोक्यातच होत्या, म्हणून दिसल्या नाहीत. ऑर्डरी थोड्या होत्या तेव्हा डोकं पुरत होतं.

त्यामुळे "कुठलं खातं सोडू" हा प्रश्न बाजूला ठेवा. गेल्या महिन्यातली एक ऑर्डर उचला, मधल्या आकाराची, आणि फोनपासून पैसे जमा होईपर्यंत तिच्या मागे चालत जा. प्रत्येक ठिकाणी एवढंच विचारा: पुढच्या माणसाला हे कळलं कशावरून? जिथे उत्तर "मी सांगितलं" किंवा "त्याला माहीतच असतं" असं येईल तिथे लाल खूण करा.

दुसरं, तारीख देण्याचं. "गुरुवारी देतो" हे कशावर ठरवलंत? साधं गणित आहे. हातात २४ ऑर्डरी अर्धवट असतील आणि दिवसाला सरासरी ३ पुऱ्या होत असतील, तर आज आत आलेली ऑर्डर सरासरी ८ दिवसांनी बाहेर पडणार. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये हे नातं गणिताने सिद्ध केलं, पण बँकेच्या रांगेत उभ्या माणसाला ते आधीपासून ठाऊक असतं. एखादीला मध्ये घुसवून गुरुवारी देता येईल, मग बाकीच्या मागे सरकतील. फळ्यावर रोज दोनच आकडे लिहा, आत किती आणि काल बाहेर किती. फोन उचलण्याआधी फळा बघा.

---

खोकेवाला | बुधवार, रात्री ११.३०

नट_बोल्ट, आज केलं. एक ऑर्डर धरली आणि मागे मागे गेलो. नऊ ठिकाणी काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं. सहा ठिकाणी उत्तर आलं "साहेबांनी सांगितलं". एके ठिकाणी दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. माल पोचल्याची सही घेतलेलं चलन (मालासोबत जाणारा कागद) टेम्पोवाल्याच्या डॅशबोर्डवर सापडलं. एक नाही, सात चलनं. माझ्या ११ दिवसांचा पत्ता तिथे लागला!

म्हणजे बिलं बनवायला मला वेळ नव्हता हे अर्धंच खरं. बऱ्याचदा बिल बनवायचंय हेच मला कळत नव्हतं.

---

हिशेबी_मांजर | गुरुवार, सकाळी ६.५०

सात चलनं डॅशबोर्डवर. मला घेरी आली.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्या मते आता सोपं झालं. विक्रीला किंवा उत्पादनाला माणूस ठेवू नका. ऑर्डर लिहून घेणं, कागद पुढे सरकवणं, माल गेला त्याच दिवशी बिल काढणं, मुदत संपायच्या आठवडाभर आधी आठवणीचा फोन करणं, एवढं एका माणसाकडे द्या. वसुली मुदतीनंतर सुरू करायची असते हा गैरसमज आहे. आधी फोन करून "बिल मिळालं ना, त्यात काही चूक नाही ना" एवढं विचारलं तरी नंतरच्या निम्म्या सबबी संपतात.

जुन्या वह्यांत कच्ची नोंद, कीर्द (तारीखवार नोंद) आणि खतावणी (खातेवार नोंद) अशी उतरंड असायची. व्हेनिसमध्ये १४९४ साली लुका पाचोली या धर्मोपदेशक गणितज्ञाने दुहेरी नोंदीची पद्धत छापून समजावली (शोध त्याचा नव्हे, व्यापारी आधीपासून वापरत होते), त्यातही याच तीन पायऱ्या आहेत. पहिली, कच्ची वही, घडलं तिथेच आणि तेव्हाच लिहायची. तुमची तीच पायरी गायब आहे. वरती कितीही भारी सॉफ्टवेअर बसवा, त्यात भरायला काहीतरी हवं ना.

---

एकदा_पोळलेली | गुरुवार, दुपारी ३.१०

मांजरताईंचा सल्ला चांगला आहे, पण त्याला एक कुंपण घाला.

माझ्याकडे ऑर्डर घेणं, बिल काढणं, रोख स्वीकारणं आणि बँकेशी मेळ घालणं (आपली वही बँकेच्या विवरणाशी ताडून बघणं) हे सगळं एकाच विश्वासू माणसाकडे होतं. चार वर्षं उत्तम चाललं. पाचव्या वर्षी एका गिऱ्हाइकाने सहज पावती दाखवली, ती आमच्या वहीत नव्हती. मग एकेक निघत गेलं. तपशील देत नाही. त्या माणसाला दोष द्यायचाच, पण चारही किल्ल्या मीच एका जुडग्यात दिल्या होत्या.

सात जणांच्या धंद्यात सगळं वेगळं करता येत नाही हे मान्य. तरी निदान एवढं: जो पैसे हाताळतो त्याने बँकेचा मेळ घालायचा नाही. बँकेचं विवरण थेट तुमच्याकडे आलं पाहिजे, दर आठवड्याला तुम्ही स्वतः पंधरा मिनिटं ओळी वाचायच्या. आणि नव्या पुरवठादाराचं नाव यादीत घालायचा अधिकार आणि त्याला पैसे पाठवायचा अधिकार, दोन्ही एका हाती नको. यात अविश्वास नाही. उद्या काही कमी पडलं तर संशय भलत्यावर जाऊ नये, म्हणूनही हे लागतं.

---

जुना_गडी | गुरुवार, सायं. ६.००

+१. हे मात्र सोळा आणे खरं. आमच्याकडेही... असो.

---

रेघोट्या | गुरुवार, रात्री ९.२०

खोकेवाला, एक अनुभवाचं. नुसतं काम देऊ नका, त्यासोबत किती रकमेपर्यंत न विचारता ठरवायचं तेही सांगा. मी मदतनीस ठेवली तेव्हा ती दिवसातून वीसदा विचारायला यायची. मला वाटायचं तिला जमत नाही. खरं तर "यात तू ठरव" हे मीच कधी बोलले नव्हते. मर्यादा सांगितल्यावर वीसाचे तीन झाले. पहिल्या महिन्यात तिने दोन चुका केल्या, दोन्ही मर्यादेच्या आतल्या. सोसवल्या.

---

खोकेवाला | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री १०.४०

उशिराबद्दल क्षमस्व. धागा वर काढतोय.

बाहेरचा माणूस ठेवलाच नाही. आमच्याकडे पेस्टिंगला एक मावशी आहेत, अक्षर मोत्यासारखं. कुठल्या गिऱ्हाइकाचा कुठला खोका, सगळं तोंडपाठ. त्यांना विचारलं, ऑर्डरी आणि बिलांचं बघाल का? म्हणाल्या, "मी कधीपासून वाट बघतेय, तुम्हीच डोक्यात घेऊन फिरताय." पेस्टिंगला नवीन मुलगा घेतला, तो लवकर शिकतोय.

आता प्रत्येक ऑर्डरीला पिवळं जॉब कार्ड. फोन कोणीही घेवो, कार्ड लिहिल्याशिवाय ऑर्डर नाही. मलाही नाही! पहिल्या आठवड्यात मीच दोनदा विसरलो आणि मावशींनी काम मशिनवर चढू दिलं नाही. कार्ड मालाबरोबर फिरतं, मागच्या बाजूला किती शीट घेतल्या, किती वाया गेल्या. टेम्पोवाल्याला मागच्या फेरीचं चलन दिल्याशिवाय पुढचा माल भरून मिळत नाही.

बिल निघायला ११ चे २ दिवस झाले. सही झालेलं चलन दुसऱ्या दिवशी येतं, म्हणून यापेक्षा खाली येईलसं वाटत नाही. ६४ मध्ये अजून फरक नाही, ते एवढ्यात दिसणारही नाही. लाल पट्टी लावली. पहिल्याच मोजणीत अशा मापाच्या ३०० शीट सापडल्या ज्याचं गिऱ्हाईक दोन वर्षांपूर्वी गेलं. उंदीरराव, त्यांचं काय करू?

बँकेचं विवरण दर सोमवारी मी वाचतो. दर कमी केलेला नाही (काका, माफी). फोन आला की फळा बघून तारीख देतो. एका गिऱ्हाइकाने "एवढे दिवस?" म्हणून दुसरीकडे चौकशी केली आणि संध्याकाळी परत आमच्याकडेच दिली. एक मात्र खरंच गेलं.

---

गोदामातला_उंदीर | शनिवार, रात्री ११.०५

कापून लहान खोक्यांना वापरा, नाहीतर मिळेल त्या भावाने काढा. जागा अडवून बसलेल्या शीट रोज थोडं थोडं खातात. आणि वहीत त्यांची किंमत खाली आणली की वर्षअखेरच्या नफ्यातून तेवढे वजा होतील, तेव्हा दचकू नका.

---

नट_बोल्ट | रविवार, सकाळी ८.१५

झकास. कार्डांच्या मागच्या बाजूचं वाचता का? गठ्ठा करून ठेवत असाल तर उपयोग नाही. आतापर्यंतची कार्डं घेऊन बसा, वाया गेलेल्या शीट कुठल्या कामांत जास्त आहेत ते बघा.

---

खोकेवाला | रविवार, रात्री ९.३०

आज बसलो. वाया गेलेल्यांतली अर्ध्याहून जास्त एकाच डायवरची. त्या प्रत्येक कार्डावर पंचिंगवाल्याने कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, "डाय बोथट". विचारलं तर म्हणाला, "साहेब, दोन महिने सांगतोय, मशिनचा आवाज मोठा असतो, तुम्हाला ऐकू गेलं नसेल."

मी, जो ऑफिसात बसून आवाज ओळखतो.

उद्या सकाळी डाय धार लावायला जातेय.